खोडलेलं बरोबर उत्तर

सेलू,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सौ. राजेश्री यांस,

आशीर्वाद देण्याचा माझा अधिकार सध्या वादग्रस्त असल्याने नुसता नमस्कार.

एका गंभीर बाबीकडे लक्ष वेधणं भाग आहे. गेल्या रविवारी भक्तीने तुझं पाकीट आणून दिलं. त्यावर माझं नाव 'व्यकटराव' असं लिहिलेलं आहे. अनुस्वार नाही. मी पाकीट उजेडात धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. टिंब पुसलेलं नाही, मुळात दिलेलंच नाही. जी बाई एकोणीस वर्षं माझ्या नावाचं कुंकू लावते, तिला माझ्या नावावर एक टिंब देण्याचा कंटाळा यावा? तुझ्या ताडकळसच्या शाळेतल्या पहिलीच्या लेकरांचं पुढे काय होणार, या काळजीने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. (त्यात सरजाबाईंच्या भाकरीचाही थोडा वाटा आहे. त्या भाकरी करत नाहीत, थापून सूड घेतात.)

भक्ती म्हणाली, "बाबा, आईनं घाईत लिहिलं असंल." मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. लगेच म्हणाली, "पण तुमचंही बरोबर आहे म्हणा." पोरगी वकील होईल.

तूच म्हणालीस, समोर बोललं की तुम्ही विषय उडवता, फोनवर व्युत्पत्त्या सांगत बसता, जे असेल ते लिहून पाठवा. म्हणून हा शुक्रवारचा कागद. शनिवारी कॉलेज सुटलं की भक्ती तो तुझ्याकडे आणते आणि रविवारी तुझी चिठ्ठी इकडे. सोमवार ते शुक्रवार ती माझी, उरलेली तुझी. दिवाळीसुद्धा आपण तीन-तीन दिवस अशी वाटली आणि एका शब्दाने भांडलो नाही. असे समंजस आईबाप परभणी जिल्ह्यात दुसरे नसतील.

इकडे जिनिंग सुरू झाल्यात. कापूस उडून स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या मिशा पिकल्यात. शेजारचे अजून विचारतात, वहिनी कधी येणार? मी सांगतो, प्रशासकीय बदली आहे, शासनापुढे कोणाचं चालतं? दीड वर्ष हे उत्तर टिकलंय.

आता मुख्य वृत्त. भक्तीच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात एक प्रकरण चालू आहे: रेणू ध्रुवीय की अध्रुवीय ते ठरवणे. पुस्तक इंग्रजी, पण मराठीतला शब्द ऐकला आणि मी ताठ बसलो. ध्रुव! तीस वर्षं संस्कृत शिकवतोय, या शब्दाशी माझी जुनी ओळख. मी तिला समोर बसवून सांगितलं: ध्रुव म्हणजे अढळ, जागचं न हलणारं. त्यावरून ठरव. मीठ बरणीत गुमान बसून राहतं, ध्रुवीय. पाणी? ते उतार दिसला की निघालं, भांडं बदललं की आकार बदलला. त्याला कोण ध्रुव म्हणेल? पाणी अध्रुवीय.

तिने पेन खाली ठेवून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लिहून घेतलं. सोमवारी चाचणी आहे. निकाल कळवीनच.

तुझा,
व्यंकटराव
(अनुस्वार स्वतःचा)


सेलू,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सौ. राजेश्रीस,

अनुस्वार पोचला. हरभऱ्याएवढा आहे. पाकिटावर आधी टिंब दिसतं, मग त्याच्या सावलीत मी. भक्ती पाकीट देताना हसू दाबत होती. तू ते लिहिताना हसलीस का, हे विचारायचं मनात आलं, पण साक्षीदार फोडणं बरं नव्हे.

चाचणीचा निकाल: दहापैकी चार. पाणी चुकलं.

रसायनशास्त्राचे धम्मानंद सर तुला आठवत असतील. देवगाव फाट्याहून मोटारसायकलवर येतात, हेल्मेट घालूनच स्टाफरूममध्ये शिरतात. मंगळवारी तसेच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"गुरुजी, भक्तीनं पाणी नॉन-पोलर लिहिलंय."

"बरोबरच आहे. वाहतं ना ते."

"आँ?"

मी ध्रुवाची व्युत्पत्ती सांगितली. सरांनी हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले.

"गुरुजी, तुमी वरणात मीठ टाकता का नाही?"

"टाकतो."

"ते विरघळतं का नाही?"

"सरजाबाई ढवळतात तेव्हा विरघळतं."

"सरजाबाईनं नाही विरघळत! पाणी पोलर हाय म्हणून विरघळतं. आमच्या पोरांला झोपेतून उठवून इचारा, एवढं तर सांगतील. आन् तुमचा तो ध्रुव आभाळातला. आमचा चुंबकाचा. दोन टोकं असतेत का नाही? एक टोक जरासं धन, एक जरासं ऋण. असली दोन टोकं ज्या रेणूला, तो पोलर."

भूगोलाच्या बाईंनी वही तोंडावर धरली. तीस वर्षं मी पोरांना बजावत आलो की शब्दाचा अर्थ प्रकरण पाहून लावावा, आणि स्वतः आभाळात पाहत बसलो.

सर मनाने मोठे. त्याच संध्याकाळी घरी आले. भक्तीला म्हणाले, "कणीक आन थोडी. आन् खराट्याच्या काड्या." कणकेचे गोळे काड्यांना टोचून रेणू उभे राहायला लागले. एवढ्यात सरजाबाई भाकरीला आल्या आणि दारातच थबकल्या.

"या बया! गुरुजी, पिंडं कामून पाडायलात? कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं, बाई. हे पाणी आहे."

"पानी?" त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताईला कळवू का?"

तुला कळवण्याची वेळ आली नाही, म्हणून मीच कळवतोय. पद्धत अशी. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात, पण ज्याची ओढ जास्त तो ती आपल्या अंगाला घेतो. ऑक्सिजन दांडगा, हायड्रोजन बिचारा. तर आधी प्रत्येक बंधात अशी ओढाताण आहे का ते पाहायचं. पण तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. मग रेणूचा आकार पाहायचा, आणि त्या आकारात सगळ्या ओढींची बेरीज करून काही उरतं का ते बघायचं. उरलं तर ध्रुवीय. पाण्यात दोन्ही हायड्रोजन एका बाजूला झुकलेले, मध्ये एकशे साडेचार अंशांचा कोन. ओढ उरते. म्हणून पाणी ध्रुवीय, म्हणून मीठ विरघळतं, म्हणून मी मूर्ख.

भक्ती लय भराभर शिकली. इतकी भराभर की मला जरा नवल वाटलं. सर म्हणाले, "हिला तर येतंय की सगळं."

चाचणीचे पेपर पुढच्या आठवड्यात पालकांच्या सहीसाठी घरी येणार आहेत.

तुझा,
व्यंकटराव


सेलू,
शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय राजेश्री,

या आठवड्यात मी धम्मानंद सरांशी तासभर वाद घातला आणि हरलो. वाद कार्बन डायऑक्साइडवरून. मध्ये कार्बन, दोन अंगांना दोन ऑक्सिजन. दोन्ही बंधांत ओढाताण, म्हणजे दोन्ही ध्रुवीय. आणि सर म्हणतात, अख्खा रेणू मात्र अध्रुवीय!

मी म्हटलं, "सर, दोन्ही पाय लंगडे आणि माणूस सरळ चालतो?"

सर म्हणाले, "गुरुजी, गाडीला एक बैल पुढून जुपा आन् एक मागून. दोन्ही सारख्या ताकदीचे. गाडी हलंल का?"

"नाही."

"मंग ओढायलेत का नाही बैलं?"

"ओढतायत की."

"पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं? गाडी निवांत उभी हाय. ओढ हाय का नाही, ते गाडीच्या कण्याला इचारा."

मग मला माझ्या भाषेत कळलं. हा बहुव्रीही समास आहे. पीतांबर म्हटलं की अर्थ पिवळ्यात नसतो आणि वस्त्रातही नसतो, तो दोघांच्या बाहेर तिसरीकडेच असतो. रेणूचंही तसंच, एकेका बंधाचा गुण पाहून अख्ख्याचा गुण सांगता येत नाही. सरांना हे फार आवडलं. त्यांनी बारावीच्या वर्गात सांगितलं म्हणे. पोरांना आता रसायन आणि समास दोन्ही येईनासं झालंय.

कार्बन टेट्राक्लोराइडचंही असंच. चार दिशांना चार क्लोरीन, बेरीज शून्य. एक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवला की तोल गेला, रेणू ध्रुवीय. भक्तीने हे मला समजावलं, कणीक हातात घेऊन, न अडखळता.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

बुधवारी तिचा पेपर सहीसाठी आला. पहिलाच प्रश्न पाण्याचा. तिथे तिने आधी 'ध्रुवीय' असंच लिहिलं होतं, इंग्रजीत, कारणासकट, कोनासकट. मग ते सगळं एका रेघेने खोडलं होतं आणि खाली माझं उत्तर. एकच नाही, असे चार प्रश्न. चारही ठिकाणी खोडलेलं बरोबर आणि ठेवलेलं चूक. तेवढं खोडलं नसतं तर दहापैकी आठ मिळाले असते.

"हे काय गं?"

"चुकून खोडलं बाबा."

"चार वेळा चुकून?"

ती टेबलावरची कणीक बोटाने चेपत बसली. मग म्हणाली, "तुमी इतकं खुशीत सांगितलं होतं. म्हणलं, असू द्या."

मला हसावं की रागवावं कळेना. हसलो. ती पण हसली, लगेच. मी हसायचा थांबलो तर ती पण थांबली. ते मला आवडलं नाही.

तू मागच्या चिठ्ठीत लिहिलंस की भक्ती तुझ्याकडे कारल्याची भाजी मागून घेते, तुम्ही तिला इकडे करून घालत नाही का? राजेश्री, ती कारलं खात नाही. लहानपणी ताटात दिसलं तर पाटावरून उठायची. मागच्या महिन्यात सरजाबाईंनी केलं होतं तेव्हा तिने ते हळूच माझ्या ताटात टाकलं. मग तुझ्याकडे का मागते? तू कधी म्हणाली होतीस का की तुला कारलं करायला आवडतं, आणि एकटीसाठी करवत नाही?

मला उत्तर नको आहे. उत्तर माहीत आहे असं वाटतं.

तुझा,
व्यंकटराव


सेलू,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय राजेश्री,

हे पत्र उद्या स्पीड पोस्टाने टाकतोय. भक्तीच्या दप्तरात घालण्यासारखं नाही, कारण ते तिच्याबद्दल आहे. एरवीही तिने आपलं टपाल वाहायला नको होतं. दीड वर्षात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

शुक्रवारी बाजारात मुंजाजी भेटला. सेलू-परभणी गाडीवर कंडक्टर आहे. माझा जुना विद्यार्थी. संस्कृतमध्ये द्वितीयेच्या पुढे गेला नाही, पण प्रवाशांची नावंगावं सगळी पाठ. मला बाजूला घेऊन म्हणाला:

"गुरुजी, ताईची टूशन परभनीला हाय का?"

"नाही. का रे?"

"न्हाई म्हंजी, दर शनवारी माझ्याच गाडीनं येत्यात. दीड-दोनला मी ष्ट्यांडावर सोडतो. पुन्ना साडेपाचची गाडी भरायलो की तवाबी तितंच बसलेल्या असत्यात. ताडकळसची गाडी तर घंट्याघंट्याला हाय. म्हनलं, कुनी तरास देतंय का काय. गुरुजीच्या कानावर घालावं."

तुला ती सांगते, कॉलेज उशिरा सुटलं. मला रविवारी सांगते, गाडी मिळाली नाही. आणि आपण दोघंही एस. टी. महामंडळाला शिव्या देऊन मोकळे होतो.

मी तिला काही विचारलं नाही. काल तिच्या मागच्या गाडीने परभणीला गेलो. ताडकळसची गाडी लागते त्या फलाटासमोरच्या बाकावर ती बसली होती. मांडीवर रसायनाचं पुस्तक, उघडं. पान उलटत नव्हती. गाडी आली. लोक चढले. एका बाईचं पोतं जायला जागा हवी होती म्हणून भक्तीने पाय वर घेतले, पोतं गेल्यावर पुन्हा खाली ठेवले. गाडी गेली. मी रसवंतीच्या आड उभा होतो, बारावीत नापास झालेल्या पोरासारखा. तासाभराने दुसरी गाडी आली. तीही गेली. मग मी जाऊन शेजारी बसलो.

दचकली. "बाबा? तुमी इथं कसं काय?"

"गाडी चुकली."

"कोणती?"

"तू सोडलीस ती."

तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं. म्हणाली, "आईला सांगू नका. तिला वाटंल, मला तिकडं जायचंच नाही."

"आणि मला काय वाटेल?"

"म्हणून तर तुम्हालाही नाही सांगितलं."

"तिकडे जायचं नसतं का तुला?"

"तसं नाही हो बाबा."

"मग रविवारी इकडे यायचं नसतं?"

"तसंही नाही."

शेंगावाला आला. मी दोन पुड्या घेतल्या. तिने पुडी हातात धरून ठेवली आणि मग एकदम बोलली, सलग, जणू पाठ केलं होतं:

"तिकडं गेलं की आई विचारती, बाबा कसे आहेत. बरे आहेत म्हणलं तर तिचं तोंड उतरतं. बरे नाहीत म्हणलं तरी उतरतं. इकडं आलं की तुमी विचारत नाही, पण माझ्या तोंडाकडं तसंच बघता. मग मी ठरवून येते, आज काय बोलायचं, कसं दिसायचं. इथं बसलं की कुणाला काय वाटंल ते बघावं लागत नाही. लोक येतेत, जातेत. मला लय बरं वाटतं इथं."

राजेश्री, माझ्या तोंडाशी सुभाषित आलं होतं. गिळलं. तुला विश्वास बसणार नाही, पण गिळलं.

आपण दोघं किती शहाण्यासारखे वागलो! तिच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. 'तुझ्या मनाला येईल तसं कर' हे तूही म्हणालीस, मीही म्हणालो. कोणी जास्त ओढू नये म्हणून तारखा मोजून वाटल्या. पोरगी रडत नाही, रुसत नाही, कुणाची बाजू घेत नाही, म्हणून आपण समजलो की तिला काही झालंच नाही. धम्मानंद सरांनी बैलगाडीचं सांगितलं तेव्हा मी बहुव्रीही शोधत बसलो. कण्याला विचारायचं राहून गेलं.

तिला साडेचारच्या गाडीत बसवलं. मी म्हटलं, "मी येऊ का ताडकळसपर्यंत?" ती म्हणाली, "नको बाबा." मग माझं तोंड पाहून म्हणाली, "म्हणजे, या, यायचं तर." मी उतरलो.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. मी लोकांना प्रशासकीय बदली सांगतो, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, की खोटं आहे. तू विनंती बदलीचा अर्ज केला होतास. पाठवण्याआधी तो माझ्यापुढे ठेवलास आणि दाराशी उभी राहिलीस. मी लाल पेन काढलं. तू 'पुर्णा' लिहिलं होतंस, मी ऊकार दीर्घ केला. आणखी दोन चुका काढल्या. 'आता शुद्ध झाला' असं म्हणून कागद परत दिला. तू मला सोडून ज्या तालुक्यात जाणार होतीस, त्याचं नाव मी शुद्ध करून दिलं. का जातेस, एवढंच विचारलं नाही. तू अर्ज तपासायला दिला नव्हतास, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

ते आता विचारायचं आहे, पण या पत्रात नाही आणि भक्तीच्या हातून तर नाहीच. येत्या शनिवारी दोन वाजता मी परभणीच्या स्टँडवर असेन. तू शाळेतून निघून येऊ शकलीस तर ये. मी सरळ विचारीन, तू सरळ सांग. माझ्याकडे परत ये, असं म्हणायला मी बोलावत नाही. तिने आपल्या दोघांना एका जागी बसून खरं बोलताना पाहावं, एवढंच. भांडण झालं तरी चालेल. कदाचित झालेलंच बरं.

मला कशाची काळजी लागली आहे ते लिहितो आणि थांबतो. गाडी सुटण्याआधी खिडकीतून मी तिला विचारलं, "माझं सोड, आईचं सोड. तुला स्वतःला कुठे जावंसं वाटतं?" तिने खरोखर विचार केला. कंडक्टरने घंटी दिली तरी करत होती. मग म्हणाली, "आता कळत नाही बाबा." ती टाळत नव्हती. तिला खरंच कळेनासं झालंय. ती सोळा वर्षांची आहे, आणि तिला स्वतःला काय हवंय हे पुन्हा कधी कळेल की नाही, याची मला भीती वाटते.

व्यंकटराव